तीनदा बोलावलेली पाहुणी

नोर्डाल हॉल, लून लेक
९ डिसेंबर

प्रिय नातिया,

कशी आहेस? नीट पोचलीस ना? इस्तंबूलला विमान बदलताना बॅगा तर हरवल्या नाहीत? इकडे सगळं ठीक आहे. मीही ठीक.

तुझा फोन लागत नाही आणि मेसेज पोचत नाहीत, म्हणून हे कागदावर. तू घाईत गेलीस, खोलीत बरंच काही राहिलं होतं. ते मी खोक्यात भरलं आहे आणि सगळ्यात वर हे पत्र ठेवते आहे. दोन वह्या, हिरवे लोकरी मोजे, उशीखालचा छोटा क्रॉस, द्राक्षाच्या रसात बुडवलेल्या अक्रोडांची ती एक माळ. माळेतला एक अक्रोड मी खाल्ला, रागावू नकोस. मधमाशीच्या मेणाच्या त्या बारीक मेणबत्त्या मात्र कॉलेजने परत दिल्या नाहीत.

परीक्षा चालू आहेत. बर्फ गुडघ्यापर्यंत आलाय. मेसमध्ये मंगळवारी पुन्हा तोच बटाट्याच्या गोळ्यांचा भाजलेला थर होता, ज्याला तू 'बटाट्यांचं थडगं' म्हणायचीस. तुझ्या दारावर तुझ्या नावाची पाटी अजून आहे. कुणी काढली नाही.

डीनबाईंनी निकालाची प्रत मलाही दिली, तुझी नेमलेली सोबतीण म्हणून. सुट्टीत बंद केलेल्या इमारतीत चार दिवस राहणे, खोलीत मेणबत्ती पेटवणे, त्याबद्दल एक्स्चेंज रद्द, सेमिस्टर रद्द. खाली बारीक अक्षरात आहे की एकतीस जानेवारीपर्यंत अपील करता येतं, पण नवीन काही पुरावा असेल तरच. तसं काही आहे असं मला वाटत नाही. चारही विषय गेले तर तिकडे तुझी शिष्यवृत्ती बंद होईल, तू एकदा म्हणाली होतीस. ते खरंच तसं असतं का? काही ना काही मार्ग निघेलच म्हणा.

इथे सगळे तुझ्याबद्दल हळहळतात. म्हणतात, बिचारीचा गैरसमज झाला. आमच्याकडे बोलायची रीतच अशी आहे, बाहेरून आलेल्या माणसाला कळणार तरी कशी?

माझं तुमच्याकडे येणं अजून तसंच आहे. एकोणतीस जानेवारीचं तिकीट आहे. तू इकडे, मी तिकडे, अशी अदलाबदलच ठरली होती. तुझ्याच घरी राहायचं होतं, पण आता ते बरं दिसेल की नाही कोण जाणे. कळव.

तब्येत सांभाळ.

तुझी, कॉलेजने नेमून दिलेली सोबतीण,
मारित

ता. क. पलंगाखाली कागदात गुंडाळलेलं एक निळं कापड होतं. ते खोक्यात मावलं नाही. नंतर पाठवते.


घरून,
२८ डिसेंबर

प्रिय नातिया,

खोका पोचल्याचं पोस्टाच्या साइटवर दिसतंय, म्हणजे माझं पत्रही पोचलं असणार. उत्तर आलं नाही. मी रोज बघते.

तुमचा नाताळ जानेवारीत असतो ना? आमचा झाला. घरी आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. बाबा म्हणजे हाल्वर. रस्त्यावरचं बर्फ काढायचा भलामोठा नांगर चालवतात, हे तुला सांगितलं होतं. नाताळच्या दिवशीसुद्धा पहाटे चारला गेले आणि दुपारी येऊन खुर्चीतच झोपले. आम्ही डब्यातलं टोमॅटोचं सूप प्यायलो. मी क्रॅकर्स बुडवून खाल्ले, बाबांनी तेही नाही.

आता तू विचारशील, आई कुठे होती? आई नाही. सोळा ऑक्टोबरला ती घर सोडून गेली. डुलुथला राहते, एका माणसाबरोबर. मी कॉलेजात कुणाला बोलले नाही. तुलाही नाही. आमच्याकडे असं बोलत नाहीत. 'घरी सगळे कसे आहेत?' विचारलं की 'छान' म्हणायचं, मग घराला आग लागलेली का असेना.

आणि तुला तर मी केवढं काय काय सांगून बसले होते. आमचं लांबलचक टेबल, वीस माणसं, आईच्या हातची भोपळ्याच्या सारणाची गोड पाई, मामाचे तेच ते फुसके विनोद. ते खोटं नव्हतं गं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सगळं खरं होतं.

तो ऑगस्टचा दिवस आठवतो? पहिल्याच दिवशी मी तुला म्हटलं, 'थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे ये हं.' तू लगेच म्हणालीस, 'येते. किती वाजता?' बाजूच्या पोरी खो खो हसल्या. पुढे ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेसमध्ये मी तुला रीत समजावली. आमच्या मिनेसोटात पहिल्यांदा बोलावणं म्हणजे नुसती सभ्यता, तेव्हा 'नको, उगाच त्रास' म्हणायचं. दुसऱ्यांदाही 'नको नको'. तिसऱ्यांदा कुणी विचारलं तर ते मनापासून, मग 'हो' म्हणायचं. तू काटा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "अगं बाई, तुमच्याकडे माणूस उपाशीच मरायचा. बरं, मग विचार मला तीनदा."

मी विचारलं. तू पहिल्यांदा अशा काही लाजून 'नको' म्हणालीस की मला ठसका लागला. दुसऱ्यांदा छातीवर हात ठेवून 'तुम्हाला त्रास कशाला'. तिसऱ्यांदा मी विचारलं तेव्हा आपण दोघी हसत नव्हतो. तू 'हो' म्हणालीस. सणाच्या आदल्या दिवशी, बुधवारी चार वाजता मी गाडी घेऊन दाराशी येईन, असंही ठरलं. त्यानंतर तू कपडे धुवायच्या खोलीत मशीनच्या आवाजात टेबलावर म्हणायचं भाषण पाठ करायचीस. तुमच्याकडे पेला उचलून प्रत्येकासाठी बोलतात तसं. 'या घराच्या मालकिणीच्या हातांसाठी' अशी सुरुवात होती. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलंय. तेव्हा आईला जाऊन तीन आठवडे झाले होते.

बुधवारी रस्ते फार वाईट होते. म्हणून माझं येणं झालं नाही.

आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. तुझ्या आईचं पत्र आलंय. मायकोबाईंनी ते कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलं होतं, तिथून घरी आलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आहे, पण मला सगळं कळलं. त्या लिहितात, 'पोरी, आमची नातिया लवकर परत आली. तिला थंडी सोसली नाही म्हणते. पण म्हणून तुझं येणं रद्द करू नकोस. खोलीला रंग दिला आहे. नातिया बैठकीच्या खोलीत झोपेल. पाहुण्याची खोली घरच्यांच्या अडचणीने रद्द होत नाही. तू काय खातेस, काय खात नाहीस, ते लिही. मांजराची भीती वाटते का तेही लिही.'

थंडी सोसली नाही? तू आईला एवढंच सांगितलंस?

त्यांना काय उत्तर लिहू? तूच सांग.

मारित


नोर्डाल हॉल, लून लेक
१५ जानेवारी

नातिया,

या पाकिटात एक फॉर्म आहे. पत्र वाचावंसं वाटलं नाही तर फेकून दे, पण फॉर्म फेकू नकोस. अपीलाचा आहे. एकतीस तारखेच्या आत तुझी सही होऊन यायला हवा. डीनबाईंनी ईमेलनेही पाठवलाय, पण तू कॉलेजचे ईमेल उघडतच नाहीस म्हणे. म्हणून मी कुरियरने पाठवते आहे.

आता मागच्या पत्रातलं खोटं आधी काढून टाकते. बुधवारी रस्ते वाईट नव्हते. आमच्या घरापासून लून लेकपर्यंतचा रस्ता माझ्या बाबांनी स्वतः दुपारी बारापर्यंत साफ केला होता. मी एक वाजता मागच्या फाटकाने गाडी काढली, तुझ्या खिडकीतून दिसू नये म्हणून. घरी जाऊन मी काय दाखवणार होते तुला? रिकामं टेबल आणि सूपचे डबे? 'आई गेली, येऊ नकोस' एवढं एक वाक्य तुला सांगायचं होतं. तू उलट माझ्या गळ्यात पडली असतीस. पण ते एक वाक्य माझ्या तोंडून फुटेना. लाज वाटली. दुसरं काही कारण नाही.

तुझे मेसेज मला सगळे मिळाले. एकूण एक. 'चार वाजले, मी दारात आहे.' 'तुमच्याकडे बर्फ आहे का? घाई करू नकोस, सावकाश चालव.' 'सव्वापाच. दार लावायला आलेत. मी वर जाऊन खिडकीत बसते, तुझी गाडी दिसेलच.' मग गुरुवारी, 'बाकी काही नको, तू ठीक आहेस एवढंच कळव.' मी फोन मोज्यांच्या खणात टाकला. गुरुवारी उत्तर दिलं असतं तर बुधवारचं सांगावं लागलं असतं, शुक्रवारी दिलं असतं तर गुरुवारचं. जितका उशीर होत गेला तितकं अवघड होत गेलं. मला वाटलं, गेली असेल कुणाच्या तरी घरी. नाही, तेही खरं नाही. मला काहीच वाटून घ्यायचं नव्हतं.

नाताळनंतर कॉलेज उघडलं त्या दिवशी पहारेकरी ऑर्व्हिल मला जिन्यात भेटला. तो टोपी काढून उभाच राहिला. म्हणाला, "पोरी, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या सुट्टीतल्या शनिवारी मी नातियाच्या खोलीचं दार उघडलं ना, खोलीत ही थंडी, पाइप गोठू नयेत एवढाच हीटर. ती पोरगी कोट घालून बसलेली, समोर मेणबत्ती. मला बघून घाबरली नाही गं ती. पहिलं काय विचारलं माहितीये? हायवेवर कुणाला अपघात झालाय का? म्हणे, माझी मैत्रीण बुधवारी निघालीय, अजून पोचली नाही. मेणबत्ती तुझ्यासाठी लावली होती तिने."

मी विचारलं, "तुम्ही हे रिपोर्टात का नाही लिहिलं?"

"रिपोर्टात रकाने असतात," तो म्हणाला. "किती वाजता, कुठे, काय सापडलं. मेणबत्ती कुणासाठी, असा रकाना नाही."

मी तिथेच पायरीवर बसले. कॉलेजने ज्या मेणबत्तीपायी तुला घालवलं, ती माझ्यासाठी होती. मी घरी सूप पीत होते आणि तू मी मेले की काय या काळजीत बसली होतीस, चिप्स आणि नळाच्या पाण्यावर.

आणि चौकशीत मी काय केलं ते तुला माहीत आहे, तू समोरच होतीस. तरी मला लिहू दे. डीनबाईंनी विचारलं, "मारित, हिने सुट्टीच्या फॉर्मवर तुझ्या घरचा पत्ता लिहिला आहे. तू हिला बोलावलं होतंस?" मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये सहज म्हटलं होतं, आपण सगळ्यांनाच म्हणतो तसं." टेबलामागच्या पाचही जणांनी माना डोलावल्या. 'अच्छा, असं होय!' सगळे इथलेच, सगळे आयुष्यभर तसंच बोलत आलेले. त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. आमच्या चांगल्या रीतीच्या आड मी लपले, आणि ती जागा इतकी सोयीची होती की कुणी मला शोधलंसुद्धा नाही.

तू माझ्याकडे बराच वेळ बघत होतीस. मला वाटलं, आता बोलशील की हिने तीनदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "हो, माझंच चुकलं. इथली रीत मला कळली नाही." तुला तर ती माझ्यापेक्षा जास्त कळली होती. तू असं का केलंस, नातिया? मी रोज स्वतःला विचारते. मला वाचवायला केलं असशील तर त्या लायकीची मी नव्हते.

रविवारी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते बूट काढत होते. एक बूट हातात धरून ऐकत राहिले.

"तीनदा विचारलंस?"

"हो."

"आणि ती हो म्हणाली?"

"हो."

"मग ती आपली पाहुणी होती," बाबा म्हणाले. हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तू मला लपवत होतीस."

मी नाही म्हटलं, पण ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. "मला विचारायचं होतंस. टर्की नाही भाजता येत, पण अंडी करता येतात मला. तिने खाल्ली असती की नाही?"

"खाल्ली असती, बाबा."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी दुसरा बूट काढला.

तुझं ते निळं कापड खोक्यात मावत होतं. तेही मी खोटंच लिहिलं. त्यावरची चिठ्ठी वाचली, म्हणून ते ठेवून घेतलं. 'मारितच्या आईसाठी. आजीने पाठवलंय. वीस माणसांच्या टेबलाला पुरेल, मी माप कळवून मागवलंय.' रविवारी बाबांनी ते उलगडलं आणि टेबलावर घातलं. दोन्ही टोकांना बरोबर पुरलं. आम्ही दोघं एका कोपऱ्यात बसून अंडी खाल्ली. आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदा त्या टेबलाशी बसले. मग त्यांनी ताट बाजूला केलं आणि तोंडावर हात ठेवून रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

काल डीनबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, तुझे मेसेज दाखवले. बाबा कामाचा कोट घालूनच बरोबर आले होते. त्यांनी स्वतःहून एक चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली. 'सत्तावीस नोव्हेंबरला दुपारी बारानंतर लून लेकचा रस्ता मोकळा होता. मीच साफ केला. हाल्वर.' स्वतःच्या मुलीविरुद्धची साक्ष होती ती. डीनबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हं. हे जरा वेगळंच आहे." आमच्याकडे याहून कडक शब्द नाही, तुला माहीत आहे.

झालं ते असं. माझं एक्स्चेंज रद्द झालं, आता माझी चौकशी होईल. ते व्हायलाच हवं. तुझं अपील ते ऐकतील. चार प्राध्यापकांपैकी तिघं मेपर्यंत तुझ्याकडून पेपर लिहून घ्यायला तयार आहेत. चौथे म्हणाले, तारीख गेली ती गेली. म्हणजे तीन विषय वाचतील. तीनवर शिष्यवृत्ती राहते का, मला माहीत नाही. पूर्ण भरपाई होत नाही, नातिया. मी दीड महिना आधी तोंड उघडलं असतं तर झाली असती.

मायकोबाईंना लिहिलेलं पत्रही यातच आहे. पाकीट बंद केलेलं नाही. तू आईला जे सांगितलं नाहीस ते मी परस्पर कसं सांगू? वाच, द्यावंसं वाटलं तर दे. नाहीतर एवढंच सांग की ती पोरगी येत नाही, खोलीत तूच झोप. आणि मांजराची मला भीती वाटत नाही, त्यांनी विचारलं होतं म्हणून.

कापड बाबांनी घडी घालून आईच्या कपाटात ठेवलंय. परत पाठवू का, असं मी विचारलं तर म्हणाले, "ज्याचं आहे त्याला विचार." म्हणून विचारते. तुला पुन्हा आमच्याकडे बोलावत मात्र नाही. एकदाही नाही. माझ्या बोलावण्याला आता काही किंमत राहिलेली नाही, हे मला कळतं.

मला उत्तर लिहू नकोस. क्षमा करू नकोस, तशी घाई नाही. फक्त सही कर. दुसऱ्या पानावर, खालच्या ओळीत, तुझ्या नावासमोर. साक्षीदाराच्या जागी मी माझं नाव लिहिलंय आणि त्याखाली जागा होती तेवढ्यात लिहिलंय की मी हिला तीनदा विचारलं होतं.

चार वाजता घ्यायला येते म्हणालेली,
मारित